खणातलं मशीन

आमच्या इचलकरंजीच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात एक निळी डबी असायची. डबीत बाबांचं कानाचं मशीन. 1999 साली गावातल्या एका मंगल कार्यालयात मशीनचं शिबिर भरलं होतं. अर्ध्या किमतीत मिळतंय म्हणून आईनं भिशीचे पैसे लावून ते घेतलं. नवीन सेल कधी घातला याची नोंद ती कालनिर्णयच्या चौकटीत करायची, दुधाच्या हिशेबाशेजारी, ‘सेल’ एवढाच शब्द. त्या वर्षीच्या कालनिर्णयवर अशा तीन नोंदी आहेत. गणपतीनंतर एकही नाही. मशीन बिघडलं नव्हतं. बाबांनी ते लावणं सोडलं होतं.

बाबा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. शटलचे माग एकदम चालू असले की हातभर अंतरावरच्या माणसाशीही खुणांनी बोलावं लागतं. अशा शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, आणि 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काढले तर कान हळूहळू निकामी व्हायला लागतात. बाबांनी तिथे सत्तावीस वर्षं काढली. मागवाल्यांच्या घरी सगळेच मोठ्यानं बोलतात, त्यामुळे कुणाला कमी ऐकू येतंय हे लवकर ध्यानात येत नाही. आमच्या ध्यानात आलं ते ताईच्या लग्नाच्या बैठकीत. ‘साखरपुड्याला आमच्याकडची साठ माणसं येतील,’ असं व्याह्यांनी सांगितलं, आणि बाबा म्हणाले, ‘आठच ना? काही अडचण नाही.’ बैठकीतले सगळे हसले. नंतर सबंध बैठकभर बाबा बोलले नाहीत.

साठ आणि आठ यांत फरक फक्त ‘स’चा. तो ‘स’ बाबांपर्यंत पोचत नव्हता, आणि निळ्या डबीतल्या मशीननंही तो पोचवला नाही. असं का झालं, हे समजून घेता घेता मी ऑडिओलॉजिस्ट झाले. गेली वीसेक वर्षं कुणाच्या ना कुणाच्या खणातलं असं मशीन माझ्या टेबलावर येतं आहे. ‘ताई, हे चालत नाही,’ म्हणून माणसं रुमालात गुंडाळलेलं मशीन पुढे करतात. तपासून पाहिलं तर बऱ्याचदा ते चालत असतं. फक्त त्या कानाच्या मापानं बेतलेलं नसतं.

हे पुस्तक मशीन घ्यायला निघालेल्या माणसासाठी आहे, आणि त्याच्याहून जास्त त्याच्याबरोबर येणाऱ्या मुलासाठी, सुनेसाठी, नातीसाठी आहे. कारण मशीन कुठलं घ्यायचं हे घरातली तरुण मंडळी ठरवतात. ती मोबाइलवर किमती पाहून येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘मॅडम, बेस्ट कंपनी कोणती?’ मी त्यांना कागद देते आणि आजी-आजोबांना तीन जागा लिहायला सांगते: कुठे ऐकू यावं असं सगळ्यात जास्त वाटतं? ‘टीव्ही’ असं पहिल्यांदा सगळेच लिहितात. मग जरा वेळ जातो आणि खरी उत्तरं येतात. हरिपाठाच्या वेळी शेजारीण काय कुजबुजते ते. बँकेच्या खिडकीआडून साहेब काय म्हणतात ते. नातू फोनवर ‘आजी’ म्हणतो ते. त्या तीन जागांवरून मशीनची निवड सुरू होते. किंमत आणि कंपनी फार पुढची गोष्ट.

आधी कानात काय होतं ते पाहू, कारण ते कळलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं. कानाच्या आत, कवटीच्या हाडात, गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपतात. आतल्या टोकाच्या पेशी खर्जातले. वय, गोंगाट, काही औषधं यांचा मारा आधी बसतो तो तोंडाशी असलेल्या पेशींवर. म्हणून खालच्या पट्टीतलं ऐकणं शाबूत राहतं आणि वरच्या पट्टीतलं जातं.

आता मराठी बोलणं घ्या. आ, ई, ऊ, ओ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे बोलण्याचा आवाज ऐकू येत राहतो. शब्दाला शब्दपण देणारे स, श, त, थ, क, ख, फ हे नाजूक वर्ण मात्र वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच हळू असतात. ते गळले की काठ, पाठ, ताठ, साठ हे सगळे एकसारखे ‘आठ’ होऊन कानावर पडतात. माझ्याकडे येणारी दहातली आठ माणसं पहिलं वाक्य तेच म्हणतात: ‘ऐकू येतं हो, पण कळत नाही.’ घरचे म्हणतात, ‘त्यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं.’ हा आरोप मी इतक्या घरांत ऐकला आहे, आणि दर वेळी मला त्या म्हाताऱ्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते. जाड आवाजाचा मुलगा समोर बसून बोलला तर त्याचं कळतं, बारीक आवाजाची नात पाठमोरी बोलली तर तिचं कळत नाही. यात त्यांचा हट्ट काही नाही.

दुसरी एक गोष्ट घरच्यांना फार कोड्यात टाकते. ‘मोठ्यानं बोल,’ म्हणतात म्हणून आवाज चढवावा, तर लगेच ‘ओरडतोस कशाला?’ म्हणतात. त्याचंही कारण त्याच पेशींत आहे. हळू आवाजाला बळ देण्याचं काम बाहेरच्या ओळीतल्या केसपेशी करतात. त्या गेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकू येणं आणि टोचणं यांच्या मधली जागा अरुंद होते. चांगल्या मशीनला त्या अरुंद जागेत सगळं जग बसवायचं असतं: हळू आवाज बराच वाढवायचा, मध्यम थोडा, मोठा जवळजवळ नाहीच, आणि तेही प्रत्येक पट्टीत वेगवेगळ्या मापानं. बाबांच्या जुन्या मशीनला हे जमत नव्हतं. त्यानं सगळंच वाढवलं, मागांचा खडखडाटही वाढवला. बाबांनी ते काढून ठेवलं यात नवल नाही.

हे माप ज्या कागदावरून घ्यायचं त्याला ऑडिओग्राम म्हणतात. हा कागद प्रत्येकानं वाचायला शिकावा, अवघड नाही. डावीकडून उजवीकडे पट्टी चढत जाते, 250 हर्ट्झपासून 8000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे तबल्याच्या डग्ग्यापासून टाळाच्या किणकिणाटापर्यंत. वरून खाली आवाजाची पातळी डेसिबलमध्ये वाढते. लाल गोल हा उजव्या कानाचा, निळी फुली डाव्या कानाची. ज्या पट्टीत जितक्या आवाजाला तुम्ही पहिल्यांदा बटण दाबलंत तिथे खूण होते. खुणा वर असतील तर कान चांगले, खाली उतरत गेल्या तर तितकं ऐकणं कमी. बाबांच्या कागदावर 1000 हर्ट्झपर्यंत रेघ जवळजवळ सपाट आहे, मग ती कड्यावरून खाली यावी तशी येते, 4000वर सर्वांत खोल जाते आणि 8000ला जराशी वर चढते. गोंगाटात काम केलेल्या माणसांच्या कागदावर 4000च्या आसपासची ही खोबण वारंवार दिसते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या मागवाल्यांच्या कागदांवर ती मी नाव न वाचता ओळखते.

‘किती टक्के बहिरेपण आहे?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि मशीन निवडायला त्याचा सगळ्यांत कमी उपयोग होतो. टक्के दाखल्यासाठी असतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यांमध्ये 60 डेसिबल किंवा जास्त घट असेल तर माणूस ‘कमी ऐकू येणारा’ धरला जातो, 70 किंवा जास्त असेल तर ‘बहिरा’. पण अडचण त्याच्या खूप आधी सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना 20 डेसिबलच्या पुढे सौम्य घट मानते, 35च्या पुढे मध्यम. 45 डेसिबलच्या माणसाला दाखला मिळत नाही, पण बैठकीत त्याला ‘साठ’चं ‘आठ’ ऐकू येतं. दाखला नाही म्हणजे मशीनची गरज नाही, असा अर्थ लोक लावतात आणि आणखी पाच-सात वर्षं घालवतात.

कागदावर आणखी दोन गोष्टी शोधा. कानामागच्या हाडावर कंपक लावून घेतलेल्या चाचणीच्या खुणा, आणि शब्द ओळखण्याची चाचणी. हाडावरून चांगलं ऐकू येत असेल आणि हवेतून येत नसेल, तर बिघाड कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागात असू शकतो: साचलेला मळ, फाटलेला पडदा, मधल्या कानातलं पाणी, जखडलेलं हाड. यातल्या कित्येक गोष्टी औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं सुधारतात. त्यामुळे मशीनवाल्याकडे जाण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन यायलाच हवं. कान वाहत असेल, एकाच कानानं कमी ऐकू येत असेल, चक्कर येत असेल तर नक्कीच. आणि एका सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाला असेल तर ‘सर्दीनं झालं असेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उपचाराचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांतच. शब्दांची चाचणी वेगळं सांगते. आवाज पुरेसा मोठा करूनही शंभरातले चाळीसच शब्द ओळखता येत असतील, तर कितीही महाग मशीन लावलं तरी त्यानं सगळे शब्द कळणार नाहीत. हे घेण्याआधी कळलं तर माणूस त्या तयारीनं घेतो, घेतल्यानंतर कळलं तर मशीन खणात जातं.

आता मशीनकडे. कानामागे बसणारं, कानामागे बसून बारीक तारेनं कानात स्पीकर सोडणारं, कानाच्या पाळीत भरणारं, आणि कानाच्या भोकात दडणारं, असे ढोबळ प्रकार. खिशात ठेवायचं, वायरवालं मशीन अजूनही काहींना उपयोगी पडतं, विशेषतः ज्यांची बोटं बारीक बटणांवर चालत नाहीत त्यांना. जवळजवळ प्रत्येक जण मागतो ते न दिसणारं. त्यामागची लाज मला समजते. चष्म्याला आपण शहाणपणाचं लक्षण केलं आणि कानाच्या मशीनला म्हातारपणाचं, त्याची किंमत माणसं मोजत आहेत. तरीही मी न दिसणाऱ्या मशीनची बाजू क्वचितच घेते. ते छोटं, म्हणून त्याचा सेल छोटा, म्हणून तो दर चार-सहा दिवसांनी बदलायचा. ते आत बसतं, म्हणून मळ आणि घाम थेट त्यातच जातो. ताकद मर्यादित. आणि ज्यांची खालच्या पट्टीतली ऐकण्याची क्षमता चांगली आहे त्यांचा कान ते बुचासारखं बंद करतं, मग स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, चपाती चावल्याचा आवाजसुद्धा डोक्यात दणदणतो. अशा कानांना कानामागचं मशीन आणि पुढे छिद्रांचं मऊ टोपण हे बरं पडतं. उलट घट जास्त असेल तर कानाचा साचा घ्यावा लागतो. कानात मऊ लगदा भरून, तो घट्ट झाल्यावर काढून त्यावरून कानापुरतं बूच घडवतात. तयार टोपणावर भागवलं की आवाज बाजूनं निसटतो, माइकमध्ये परत शिरतो, आणि मशीन शिट्टी वाजवायला लागतं. बाबांचं मशीन घरभर शिट्टी वाजवायचं. कुणी साचाच घेतला नव्हता.

सेल बदलून दाखवायला मी आजी-आजोबांनाच सांगते, मुलांना नाही. इथे खूप काही कळतं. पिवळ्या स्टिकरचा सेल नंबर 10, तपकिरी 312, नारिंगी 13, निळा 675, याच क्रमानं मोठा होत जातो. स्टिकर काढला की सेलच्या छिद्रांतून हवा आत जाते आणि तो जागा होतो; एक-दोन मिनिटं थांबून मग घालायचा. स्टिकर काढून ठेवलेला सेल वापरला नाही तरी संपतोच. ज्या बोटांना संधिवात आहे, मधुमेहानं ज्यांच्या टोकांची जाणीव गेली आहे, त्या बोटांत पिवळ्या स्टिकरचा सेल मुगाच्या दाण्यासारखा निसटतो. अशांना मोठा सेल द्यावा किंवा चार्जिंगचं मशीन. चार्जिंगचं सोयीचं आहे, रात्री डबीत ठेवायचं आणि सकाळी काढायचं. पण गावाकडे रात्रभर वीज टिकते का, प्रवासात डबी बरोबर राहील का, आणि चार-पाच वर्षांनी आतली बॅटरी बदलून मिळेल का, हे विचारून घ्यावं. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने दमटपणा मशीनचा शत्रू असतो. तिथल्या माणसानं निळ्या-केशरी दाण्यांची कोरडी डबी मशीनबरोबरच मागून घ्यावी आणि रात्री मशीन त्यातच ठेवावं.

किमतीचं कोडं सगळ्यांना पडतं. एका जोडीला वीस हजार, दुसरीला तीन-साडेतीन लाख, आणि दिसायला दोन्ही सारखी. फरक बहुधा आतल्या गणिताचा असतो: गोंगाट किती हुशारीनं दाबायचा, समोरचा आवाज बाजूच्या आवाजापासून किती वेगळा काढायचा, फोन थेट कानात यावा का. ज्यांचं आयुष्य बैठकांत, वर्गात, दुकानाच्या गल्ल्यावर जातं त्यांना वरच्या मशीनचा उपयोग होतो. दिवसभर घरात चार माणसांत राहणाऱ्या आजींना साधं डिजिटल मशीन, नीट बसवलेलं, पुरेसं होतं. त्यांच्या निवृत्तिवेतनातून लाखभर रुपये जास्त काढणं मला पटत नाही, आणि हे मी विकणाऱ्यांसमोरही बोलते. गर्दीत मात्र कुठलंही मशीन चमत्कार करत नाही. बोलणारा दुप्पट लांब गेला की त्याचा आवाज सहा डेसिबलनं उतरतो, आणि मशीनचा माइक कानावर असतो, बोलणाऱ्याच्या तोंडाशी नाही. म्हणून कीर्तनाला जाणाऱ्यानं पुढे बसावं, लग्नाच्या पंगतीत भिंतीला पाठ करून बसावं. परवडत असेल तर बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायचा छोटा माइक घ्यावा. महागड्या मशीनपेक्षा तो कधीकधी जास्त काम करतो.

दोन्ही कान कमी असतील तर मशीनं दोनच घ्यावीत. आवाज कुठून आला हे दोन कानांच्या तुलनेतून कळतं. एका कानावर मशीन लावलेल्या माणसाला स्कूटरचा हॉर्न ऐकू येतो, पण कुठल्या बाजूनं ती येते आहे हे कळत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं हे धोक्याचं आहे.

आणि आता जे मला सगळ्यांत ठासून सांगायचं आहे ते. मशीन खोक्यातून निघतं तेव्हा ते कुणाचंच नसतं. संगणकाला जोडून, ऑडिओग्राम भरून, ‘पहिलं सेटिंग’ हे बटण दाबलं की कंपनीचं सॉफ्टवेअर अंदाजानं आवाज ठरवतं. पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपतं. पण तुमच्या कानाची नळी लांब की आखूड, रुंद की अरुंद, यावर पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतो हे ठरतं. ते मोजता येतं. केसासारखी बारीक नळी कानात पडद्याजवळ नेतात, त्याबरोबर मशीन लावतात, समोरच्या स्पीकरमधून बोलणं ऐकवतात, आणि संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा दिसतात: किती आवाज पोचायला हवा आणि किती पोचतो आहे. किती हवा हे ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात वर्षानुवर्षांच्या संशोधनातून बसवलेल्या सूत्रांनी ठरतं. मी पहिल्यांदा बाबांच्या कानात ही नळी घातली तेव्हा पहिल्या सेटिंगची रेघ 3000 हर्ट्झच्या पुढे हव्या त्या रेघेच्या बरीच खाली लोळत होती. म्हणजे नवं, चांगलं, महाग डिजिटल मशीन लावूनही ‘स’ पोचला नसताच. मी रेघ वर उचलली. बाबा म्हणाले, ‘काहीतरी सळसळतंय.’ आई त्यांच्या शेजारी साडीचा पदर सावरत होती.

या मोजणीला ‘रिअल इअर मेजरमेंट’ म्हणतात. हे यंत्र सगळीकडे नसतं, पण विचारा. ‘तुमच्याकडे रिअल इअर आहे का?’ हा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक दिसला की समोरचा माणूस सावध होतो आणि काळजीनं काम करतो. नसेल तर निदान मशीन लावून शब्दांची चाचणी पुन्हा घ्या, म्हणावं. समोरच्याची पदवी विचारा, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. त्यात अपमान काही नाही. बिल पक्कं घ्या, त्यावर मशीनचा क्रमांक असू द्या. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही हेही ध्यानात ठेवा. आणि विचारा: पुढच्या वर्षभरात सेटिंगसाठी किती वेळा येता येईल, त्याचे पैसे वेगळे आहेत का, घरी आठवडाभर लावून बघायला मिळेल का. कारण पहिल्या दिवशी बसवलेलं मशीन शेवटचं कधीच नसतं. पंख्याची घरघर, वर्तमानपत्राचं पान उलटणं, स्वतःच्या चपलांचा आवाज हे सगळं मेंदू वर्षानुवर्षं विसरलेला असतो. ते एकदम परत आलं की माणूस घाबरतो. पहिले चार दिवस शांत घरात दोन-तीन तास, मग एकाशी बोलताना, मग टीव्ही, मग बाजार. रोज वाढवत न्यायचं, आणि काय टोचलं, काय कळलं नाही ते लिहून ठेवायचं. ‘बरं नाही वाटत’ यावरून मला काही करता येत नाही. ‘स्टीलचा पेला ओट्यावर ठेवला की कळ येते’ यावरून मला नेमकी पट्टी सापडते.

परदेशातल्या मुलांविषयी एक कळकळीची गोष्ट. अमेरिकेत ऑक्टोबर 2022पासून सौम्य ते मध्यम घट असलेल्या प्रौढांना श्रवणयंत्र दुकानातून चिठ्ठीशिवाय घेता येतं. तिथे ते ठीक आहे. पण न्यू जर्सीच्या मुलानं ते पाठवलं, साताऱ्याच्या आईनं लावलं, आणि घट मुळात जास्त निघाली, तर ते तिला पुरणार नाही. तिकडच्या दवाखान्यातून घेतलेली काही मशीनं त्याच साखळीच्या सॉफ्टवेअरला बांधलेली असतात, इथे कुणालाच ती उघडता येत नाहीत. मुलानं पाठवायचेच असतील तर पैसे पाठवावेत आणि इथल्या चार भेटींसाठी कुणाला तरी आईबरोबर जायला सांगावं. दीड-दोन हजारांना ऑनलाइन मिळणारे ‘साउंड अॅम्प्लिफायर’ श्रवणयंत्र नव्हेत. ते 1999च्या निळ्या डबीचे भाऊबंद आहेत.

पैसे नसतील तर वाट बंद नाही. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मशीन मोफत किंवा सवलतीत मिळतं. कानपूरची अलिम्को आणि मुंबईत वांद्र्याला असलेली, 1983 साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांच्यामार्फत ती वाटली जातात. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था 1965पासून याच कामात आहे, आणि माझ्या पिढीतल्या कित्येक ऑडिओलॉजिस्टांना तिनं घडवलं आहे. मोफत मिळालेल्या मशीनलाही सेटिंग लागतं, साचा लागतो. तो हक्कानं मागावा.

अलीकडे जाहिरातींतून विसरभोळेपणाची भीती घालून मशीनं विकली जाऊ लागली आहेत, त्याचा मला राग येतो. खरं काय ते सांगते. ऐकू कमी येणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत 70 ते 84 वयाची 977 माणसं तीन वर्षं पाहिली गेली. सगळे धरून पाहता मशीनमुळे बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण 48 टक्क्यांनी कमी आढळली. आशा वाटावी असं हे आहे. पण उद्या वेड लागेल म्हणून आज कर्ज काढून मशीन घ्या, असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. आज सुनेशी बोलता यावं एवढं कारण पुरेसं आहे.

लहान मुलांचा विषय या पुस्तकात मी मुद्दाम घेतलेला नाही, तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. इतकंच सांगते की बाळाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि मशीन सहाव्या महिन्यापर्यंत व्हायला हवं. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणणाऱ्या आजीचं या एका बाबतीत ऐकू नका.

बाबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी कागदावर लिहिलेल्या तीन जागा: नातीचा फोन, विठोबाच्या देवळातलं कीर्तन, चौकातली चहाची टपरी. जाड झालेल्या बोटांना झेपेल असं, 13 नंबरच्या सेलचं, कानामागचं मशीन दोन्ही कानांना निवडलं, साचे घेतले. पाच भेटी लागल्या. मी स्वतः करत असूनही पाच. नातीचा फोन जमला. कीर्तन पुढच्या रांगेत बसलं तर जमतं, हार्मोनियमसाठी मी वेगळं सेटिंग ठेवलं आहे. टपरी अजून जमत नाही. मागे रस्ता आहे, समोर स्टोव्ह, आणि सगळे एकदम बोलतात. बाबा तिथे जातात, कोपऱ्यातल्या बाकावर बसतात, आणि त्यांचे मित्र आता बोलण्याआधी त्यांच्या खांद्याला हात लावतात.

प्रस्तावनेचं हे शेवटचं पान लिहीत असताना घरून फोन आला. आईच्या मागे कालनिर्णय भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता, पंखा जोरात असणार. फोन बाबांनी घेतला. म्हणाले, ‘दादानं तपकिरी स्टिकरचे आणलेत, ते बसत नाहीत. शनिवारी येशील तेव्हा नारिंगी घेऊन ये, दोन पाकिटं. उजव्यातला रविवारपर्यंत जाईल असं दिसतंय.’